नोटिशीचा रकाना कोरा नको

भाड्याच्या घरांविषयीच्या आपल्या लेखात ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणीची गरज नसते’ असे म्हटले आहे. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे किती भाडेकरूंना ठाऊक असते?

माझ्या मुलीचा करार स्टेशनरीच्या दुकानातल्या छापील नमुन्यावर, नुसता नोटरी करून झाला होता. ‘घर सोडण्यापूर्वी ..... महिन्यांची नोटीस’ या ओळीतले टिंब तसेच राहिले. घर सोडताना मालकांनी दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून कापले. भिंतीच्या रंगाचे पैसे वेगळे! नोटिशीची मुदत, अनामत परतीची तारीख आणि सामानाची यादी भरल्याशिवाय कोणीही सही करू नये. आपण लेखातील चूक ठळकपणे दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे