आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंना, मनापासून थँक यू

ताई, समोर भेटल्यावर हे बोलायला कधी जमत नाही, सेशन संपलं की पुढचं मूल दारात उभं असतं, म्हणून इथे लिहितोय. आणि ऑटिझम असलेल्या पोरांच्या बाकीच्या आईबाबांनी पण वाचावं असं वाटतं.

आधी ज्या सेंटरला जायचो तिथे लेकाला खुर्चीत बसवून रंग ओळख, आकार ओळख चालायचं, तो रडायचा, आणि आम्हाला सांगायचे होईल सवय. तुमच्याकडे आला आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यात जाऊन डब्याचं झाकण गरागरा फिरवत बसला. मला वाटलं आता तुम्ही ते काढून घेणार. तुम्ही तर दुसरं झाकण घेऊन त्याच्यासमोर फरशीवर पालथ्या पडलात आणि स्वतःच फिरवायला लागलात! मग त्याच्या फिरत्या झाकणावर हलकेच हात ठेवलात. त्याने हात उचलला, तुम्ही "अरेच्चा" म्हणून परत ठेवलात, त्याने परत उचलला, असं चालू राहिलं आणि एकदा हात उचलायच्या आधी तो तुमच्या तोंडाकडे बघून खुदकन हसला. "इकडे बघ" असं तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात.

नंतर समजावलंत की ही फ्लोअरटाइमची पद्धत, स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांची. मूल ज्यात रमलंय तिथे आपण शिरायचं, त्यावर त्याने काही केलं की एक चक्र पूर्ण, आणि अशी चक्रं वाढत गेली की संवाद वाढतो. घरी रोज निदान 20 मिनिटं, मोबाईल लांब ठेवून. झोक्यावर "एक, दोन..." म्हणून थांबायचं, तो काहीतरी खूण करेपर्यंत, मग ती नजर असो, हात असो की नुसता "ती" असा आवाज. ते थांबणं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं हो, आपण मोठी माणसं लगेच "तीन" म्हणून मोकळे होतो.

लेगोचा खेळ पण असाच. डॅनियल लगॉफ नावाच्या मानसतज्ज्ञांनी 2004 मध्ये त्यावर लिहिलं होतं, एकाने चित्र बघून सांगायचं, दुसऱ्याने तुकडे शोधायचे, तिसऱ्याने जोडायचं, मग कामं बदलायची. आमच्याकडे त्याची मोठी बहीण चित्र बघून सांगते, शेजारचा मुलगा तुकडे शोधतो आणि हा जोडतो. शब्द कमी असले तरी त्याच्यावाचून खेळ पुढे जात नाही ना!

पण सगळ्यात मोठे आभार लपाछपीसाठी. सोसायटीत पोरं त्याला प्रेमानेच घ्यायची, पण कायम लिंबूटिंबू. तुम्ही म्हणालात, त्याच्यावर राज्य येऊ दे. एका संध्याकाळी स्वतः आलात, पोरांना सांगितलंत की आकडे तो बोटांवर मोजेल, आणि गोंगाट सहन झाला नाही तर हात वर करून टाइम प्लीज घेईल, तेव्हा थांबायचं. आता पोरं थांबतात. आणि खरं सांगू, टाइम प्लीज मिळतो हे कळल्यापासून तो मधेच पळून घरी येत नाही, दोन मिनिटं जिन्यात बसतो आणि परत खेळायला जातो.

खेळून ऑटिझम जाणार नाही, तो आजारच नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट बोललात. अमुक महिन्यात बोलता करून दाखवतो अशी गॅरंटी देणारे खूप भेटले होते, त्यामुळे त्याची किंमत आम्हाला जास्त आहे. यूडीआयडी कार्डचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, फॉर्म पण तुम्हीच भरून घेतलात, 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे हे आम्हाला कुठे माहीत होतं.

तुमच्याकडे नवीन पालक आले आणि घाबरलेले वाटले तर माझा नंबर बिनधास्त द्या. महागडी खेळणी घ्यायच्या आधी माझ्याशी बोलू देत, आमच्याकडे काय काय चालतं ते दाखवायला घरी बोलावेन.