बलात्कार घडवून आणणाऱ्यापर्यंत कायदा पोहोचला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून चाललेल्या युद्धाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. मृतांचे आणि विस्थापितांचे आकडे देऊन झाल्यावर शेवटी ‘महिलांवर अत्याचार झाल्याचेही वृत्त आहे’ एवढे एक वाक्य असते. युद्ध म्हटले की हे व्हायचेच, हा समज अशा मांडणीने नकळत पक्का होतो. तो न्यायालयात खोटा ठरल्याला पाव शतक उलटून गेले आहे. ज्या खटल्यात तो खोटा ठरला त्याची माहिती मराठी वाचकांना असावी, म्हणून हे पत्र.

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत आफ्रिकेतील रवांडा या देशात अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य तुत्सी या वांशिक समूहातील होती. त्याच काळात अडीच ते पाच लाख बलात्कार झाले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने १९९६ मध्ये वर्तवला. तरीही ताबा या गावाचा प्रशासकीय प्रमुख झाँ-पॉल अकायेसू याच्यावर या हत्याकांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ठेवलेल्या मूळ आरोपपत्रात लैंगिक हिंसेचा एकही आरोप नव्हता. टांझानियातील आरुशा येथे १९९७ च्या जानेवारीत खटला उभा राहिला, तेव्हा हत्यांबद्दल साक्ष देणाऱ्या एका स्त्रीने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराविषयी आपणहून सांगितले. हे आधी कोणी विचारलेच नव्हते. तीन न्यायाधीशांच्या त्या खंडपीठात नवनीतम पिल्ले या एकट्याच स्त्री होत्या (दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या, तमिळ वंशाच्या). पुढे आणखी साक्षी आल्या, स्त्री-संघटनांनी पाठपुरावा केला आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. ती साक्षीदार त्या दिवशी गप्प राहिली असती, तर कदाचित निकालात बलात्काराचा उल्लेखही झाला नसता, हे मला फार अस्वस्थ करते.

२ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने अकायेसूला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले आणि बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात प्रथमच मान्य झाले. अकायेसूने स्वतः बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. त्याच्या कार्यालयाच्या आवारात जीव वाचवण्यासाठी आलेल्या तुत्सी स्त्रियांवर तिथेच सामूहिक बलात्कार होत राहिले. थांबवण्याचा अधिकार हाती असूनही त्याने ते थांबवले नाहीत, उलट शब्दांनी चिथावणी दिली, म्हणून तो दोषी ठरला. या स्त्रियांना त्या तुत्सी आहेत म्हणूनच निवडले गेले आणि त्यांची जगण्याची इच्छाच मारून टाकणे हा समूहाच्या विनाशाचा एक टप्पा होता, असे न्यायाधीशांनी नोंदवले. जिथे मुलाची ओळख बापावरून ठरते, तिथे दुसऱ्या समूहाच्या पुरुषाकडून जाणूनबुजून गर्भ राहावा अशी व्यवस्था करणे म्हणजे त्या समूहातील जन्म रोखणे होय, हेही त्यांनी स्पष्ट केले.

ही हिंसा पुरुषी वासनेतून घडते असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी पोलिन न्यिरामासुहुको यांचा खटला पाहावा. त्या रवांडाच्या कुटुंब व महिला विकास खात्याच्या मंत्री होत्या. बुतारे परिसरात त्यांच्या अधिकाराखालील लोकांनी केलेल्या बलात्कारांबद्दल २०११ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले.

आपल्याकडे असे काही घडले तर कायदा काय करू शकेल? वंशसंहारविरोधी करारावर भारताने १९५९ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यासाठी देशांतर्गत कायदा करणे ही त्या करारातील जबाबदारीच आहे, पण तो आजतागायत झालेला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातील सज्जनकुमार प्रकरणाचा निकाल १७ डिसेंबर २०१८ रोजी देताना दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव तातडीने दूर करण्याची गरज सांगितली आणि सामूहिक हत्याकांडांच्या उल्लेखात १९९३ च्या मुंबईचेही नाव घेतले. त्यानंतर आलेल्या आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे यांना जागा मिळाली नाही. जातीय दंगलीत केलेल्या बलात्काराला अधिक कडक शिक्षा देणारे उपकलम संहितेत आहे, हे खरे. पण त्याची पकड प्रत्यक्ष कृत्य करणाऱ्यावर. कार्यालयात बसून ते घडू देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी चिथावणी आणि साहाय्याची सर्वसाधारण कलमे उरतात. हाताखालच्यांना रोखण्याचे कर्तव्य ज्याने पाळले नाही, त्या वरिष्ठाला त्या गुन्ह्यासाठीच जबाबदार धरणारे तत्त्व त्यांत नाही.

भारत रोम येथील १९९८ च्या परिषदेत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करण्याच्या मतदानात तटस्थ राहिला. त्यामागची कारणे, विशेषतः त्या न्यायालयाच्या कामात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला दिलेल्या भूमिकेविषयीचा आक्षेप, मला अगदीच निराधार वाटत नाहीत. पण बाहेरच्या न्यायालयाचा अधिकार नको असेल, तर घरचा कायदा भक्कम करण्याची जबाबदारी अधिकच वाढते. महाराष्ट्रातील खासदारांनी, पक्ष कोणताही असो, संहितेच्या दुरुस्तीत वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वरिष्ठांचे उत्तरदायित्व ही तिन्ही प्रकरणे समाविष्ट करण्याची मागणी संसदेत करावी. तपास पथकांत प्रशिक्षित स्त्री अधिकारी पहिल्या जबाबापासून असतील, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीत हवी.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा