पोत्याबद्दल आभार

ती. काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

'माझा नाव खंय घालू नको' असं तुम्ही बजावलंत, म्हणून चारचौघांसमोरच्या या पत्रात तुम्ही नुसते 'काका' आहात. चितार आळीतले लोक तरीही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

आभार मानायचे आहेत ते त्या पोत्याबद्दल. मी सावंतवाडीत आले तेव्हा माझी तीन कामं एकदम चालू होती आणि तिन्ही आपापल्या जागी अडली होती: गंजिफांसाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी चित्रं, एक लाकडी खेळणं आणि लाखकामाचे फोटो. शिकायचं म्हणून मी दुकानांतून तयार माल आणून समोर मांडून बसायचे. आंबा, सीताफळ, केळी, अख्खी परडी. पण त्या वस्तू इतक्या सफाईने केलेल्या असतात की लेथ कुठे थांबला आणि हात कुठून लागला, याचा पत्ताच लागत नाही. माझी वही चाळून झाल्यावर तुम्ही माळ्यावर चढलात आणि एक गोणपाटाचं पोतं खाली सोडलंत. 'दुकानातला बघून तुका काय एक कळाचा नाय. ह्या घेवन जा.'

आत सगळं अर्धवट राहिलेलं. नुसतं गोल काढून सोडलेलं पांगाऱ्याचं लाकूड, त्यावर पटाशीच्या कडा तशाच. चिंचोक्याच्या खळीचा एकच हात दिलेली बाहुली. अर्ध्या अंगाला लाख चढलेली लाटणी. काही तुमचं, काही तुमच्या वडिलांचं. कधी परत देणार, हे तुम्ही विचारलं नाहीत. कारागीर आपला फसलेला किंवा टाकलेला माल परक्याला दाखवत नाही, एवढं मलाही कळतं.

आधी चित्रांचं सांगते. दशावतारी गंजिफांचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मला अवतारांच्या जागी कोकणातली दहा झाडं हवी आहेत: आंबा, फणस, काजू, कोकम, जांभूळ, करवंद, नारळ, सुपारी, पांगारा, केवडा. जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा उभी केली, हे मी वाचून आले होते. राजवाड्यात चित्रकार पत्ते रंगवताना बघितलेही होते. पण तिथला पत्ता हातात घेऊन अर्ध्यावर थांबवता थोडाच येतो! तुमच्या पोत्यातले पाच-सहा पत्ते नेमके तिथेच थांबलेले होते. पिवळी जमीन भरलेली, त्यावर शंखाच्या जागी नुसते पांढरे ठिपके, रेघ मारायची राहिलेली. आणि तरीही ठिपके आठ आहेत हे हातभर लांबून कळत होतं! मी मात्र तळहाताएवढ्या गोलात दहा फणस काट्यांसकट कोंबत होते. खेळणाऱ्याला काटे मोजायचे नसतात, फणस मोजायचे असतात. त्यातही पाच गटांत दश्शी मोठी आणि पाच गटांत एक्का मोठा, म्हणजे नजर जरा चुकली की डाव गेला. आता मी आधी ठिपके टाकते, ते मोजता आले तरच पुढे जाते. सहा झाडं झाली आहेत. केवडा अजून दाद देत नाही.

खेळण्यात तर तुम्ही जादूच केलीत. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, आणि त्याखाली सुटी होणारी काजूची बी, अशी माझी कल्पना. बोंडू लेथवर दहा मिनिटांत झाला. बी पुढे केली तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. 'बी लेथवर कशी येतली?' खरंच आहे. लेथवर जे होतं ते गोल होतं, आणि बी वाकडी. हाताने कोरायची तर एका नगाला अर्धा दिवस, म्हणजे किंमत आईबापांच्या आवाक्याबाहेर. शिवाय दुसरी अडचण होती. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे नियम सक्तीचे आहेत. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालाला सूट आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची चाचणी मी सोडणार नव्हते. ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. सुटा भाग तिच्यात पुरता मावला तर तो बाळाच्या घशात अडकू शकतो. खऱ्या काजूएवढी बी त्यात आरामात मावते.

हे सगळं मी सांगत असताना तुमचा हात पोत्यात होता. त्यातून एक लाकडी कडं निघालं, जाडजूड, लाख न लावलेलं. तुम्ही ते शेगड्यात आवळलंत, करवतीने तीन तुकडे केलेत, एकाची टोकं कानशीने गोल केलीत आणि माझ्या हातावर ठेवलंत. 'घे तुझी बी. एक नाय, तीन.' वाकडेपणा कड्यातच होता! आणि तुकडा इतका लांब की नळीत जाऊन अडकून बसतो, आत मावत नाही. दोन्ही प्रश्न एका करवतीत सुटले. पांगाऱ्याचं कडं आडव्या नसेवर मोडतं म्हणून शिवणीचं लाकूड वापरायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. अजून बी बोंडूत बसवायच्या खुंटीचं काम बाकी आहे. पावसात ती फुगून बोंडूत अशी बसली की मोठ्या माणसालाही ओढून निघेना. बीचा रंगही ठरत नाही. खरा करडा-हिरवा लाखेत मळकट दिसतो, आणि पिवळी केली की केळं वाटतं.

फोटोंचं थोडक्यात. लाखेवर केवड्याचं पान फिरलं की तिचा आरसा होतो, आणि माझ्या प्रत्येक फोटोत वस्तूच्या पोटावर दार, खिडकी आणि कॅमेरा धरलेली मी. भाड्याने दिवे आणायचे बेत चालले होते. तुम्ही काकूंना हाक मारलीत आणि दोरीवरचं धुतलेलं धोतर दाराला आडवं लावलंत. उजेड दुधासारखा पसरला. त्या उजेडात मी पोत्यातल्या वस्तूंची क्रमाने रांग लावली, कोऱ्या लाकडापासून लाखेपर्यंत. माझ्या आजवरच्या फोटोंत मला तीच मालिका बरी वाटते. तुमचा चेहरा त्यात नाही, कारण 'माझा तोंड नको. हात घे, व्हये तेवढे.' (काकूंच्या घावण्यांचा फोटो काढायचाच राहिला. तोवर ते संपले होते.)

आता कामाचं. आमच्या डिझाइनच्या प्रदर्शनांत एक वाईट सवय आहे. डिझायनरचं नाव ठळक आणि खाली बारीक अक्षरात 'स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने'. मला ते करायचं नाही. इथे तुमचं नाव घेतलं नाही, पण खेळण्याच्या खोक्यावर ते हवं, माझ्या नावाएवढंच, आणि त्या कड्याच्या युक्तीचा प्रत्येक नगामागे वाटाही. तुम्ही हात झटकाल हे माहीत आहे, म्हणून हिशोबाचा कागद काकूंच्या नावे पाठवते आहे. गणपतीला मी येईन तेव्हा त्यावर बोलू. पोतंही आणते. त्यात माझे चार फसलेले बोंडू घातले आहेत, तेही माळ्यावर टाका.

तुमची,
चित्रांवाली