गोल का होत नाहीत? नुसता स्ट्रायकर शोधून भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ला मडगावमधील फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि नाक्यानाक्यावर एकच सूर ऐकू येतो : सुनील छेत्रीनंतर आपल्याकडे स्ट्रायकरच नाही. हे निदान अपुरे आहे. त्यावर विसंबून उपाय केले, तर पुढचा हंगामही असाच वाया जाईल, म्हणून हे पत्र.

पात्रता फेरीतले तोपर्यंतचे चार सामने आठवून पाहा. २५ मार्चला शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-० बरोबरी. १० जूनला हाँगकाँगमध्ये ०-१ हार, तीही भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात १-१, आणि मग मडगाव. चार सामने, दोन गुण, दोन गोल. ते दोन गोल कसे झाले, हे महत्त्वाचे आहे. सिंगापुरात ९०व्या मिनिटाला रहीम अलीने प्रतिस्पर्ध्याच्या फसलेल्या बॅकपासचा (आपल्याच गोलकडे मागे दिलेल्या पासचा) फायदा उठवला. मडगावात १४व्या मिनिटाला छांगतेने बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या, बाहेरून गोल केला. फटका अप्रतिम होता, पण बॉक्सबाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांतले जेमतेम तीन-चार जाळ्यात जातात. ऑगस्टअखेर राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांच्या पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला २-१ हरवले, तेव्हाचे गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे होते, आणि हे दोघेही सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू. म्हणजे कधी बचावपटूचा गोल, कधी समोरच्याची चूक, कधी लांबचा फटका. चाल रचत बॉक्समध्ये शिरून गोलजवळून केलेला गोल या चार सामन्यांत एकही नाही. अशा संघात उद्या कितीही चांगला नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, आणून उभा केला, तरी त्याच्या पायापर्यंत चेंडू येणार कुठून?

पहिले कारण हंगामाशी निगडित आहे. इंडियन सुपर लीग (आयएसएल) जुलैत स्थगित झाली. ड्युरँड चषकात आयएसएलचे सहाच संघ उतरले आणि छांगतेचा क्लब मुंबई सिटी त्यांत नव्हता. म्हणजे छांगते क्लबकडून एकही स्पर्धात्मक सामना न खेळता देशाच्या जर्सीत आला. ताजिकिस्तानातल्या काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेसाठी मोहन बागानचे खेळाडू उपलब्ध नव्हते, त्यामुळे आघाडीची जी फळी सप्टेंबरमध्ये खेळली तीच ऑक्टोबरमध्ये खेळली असे झाले नाही. बचाव शिबिरात आठ-दहा दिवसांत बांधता येतो, कारण तिथे जागा धरून राहायचे असते. आक्रमणात मात्र दुसरा केव्हा धावणार, हे पास देण्याआधी कळावे लागते, आणि ते सामने खेळूनच अंगवळणी पडते. पूर्वतयारी सहा आठवड्यांची हवी आणि तीत पूर्ण ९० मिनिटांचे किमान चार-पाच सराव सामने हवेत. ते नसले की पहिला परिणाम शेवटच्या पासावर दिसतो. चेंडू अर्धा सेकंद उशिरा सुटतो आणि धावणारा ऑफसाइड होतो किंवा थांबून जातो.

दुसरे कारण आमच्या मते सर्वांत मोठे. चेंडू बगलेला गेला की बॉक्समध्ये आपले बहुधा दोनच खेळाडू असतात, समोर चार-पाच बचावपटू. त्यात आपला विंगर, म्हणजे बगलेवरचा आक्रमक, गोलपासून तीस मीटरवरूनच उंच क्रॉस (बॉक्समध्ये टाकलेला चेंडू) टाकतो. असा चेंडू हवेत तरंगत येतो, बचावपटू त्याच्याकडे तोंड करून उभे असतात आणि गोलरक्षकाला पुढे यायला भरपूर वेळ मिळतो. उंचीने आपण आधीच कमी, म्हणजे ही लढाई सुरू होण्यापूर्वीच हरलेली.

यावर उतारा कटबॅकचा. विंगरने किंवा फुलबॅकने (बगलेच्या बचावपटूने) बॉक्सच्या बाजूने आत शिरून गोलरेषेपासून पाच-सहा मीटरपर्यंत जायचे आणि तिथून जमिनीलगत, जोरकस पास मागे द्यायचा. तो पेनल्टी स्पॉट आणि बॉक्सची पुढची रेषा यांच्या मधे पोहोचला पाहिजे, म्हणजे गोलपासून ११ ते १६ मीटर. त्या क्षणी बचावपटू स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावत असतात, गोलरक्षक जवळच्या खांबाला चिकटलेला असतो आणि मागून येणाऱ्यावर कुणाची नजर नसते. पण मागून येणारा असला तर! त्यासाठी चार धावा लागतात. स्ट्रायकर जवळच्या खांबाकडे जाऊन सेंटर-बॅकला ओढून नेतो. आक्रमक मिडफिल्डर पेनल्टी स्पॉटजवळ थांबतो. पलीकडचा विंगर दूरच्या खांबाकडे येतो. चौथा बॉक्सच्या तोंडाशी, परतलेल्या चेंडूसाठी.

चौघे पुढे गेले तर प्रतिहल्ला झाल्यावर काय, ही प्रशिक्षकांची भीती खरी आहे, आणि तिच्यापोटीच आपले दोन्ही मधले खेळाडू अर्ध्या रेषेजवळ अडकून पडतात. हिशेब साधा आहे. गोलरक्षक सोडून दहा जण : पास देणारा आणि बॉक्समधले चौघे मिळून पाच पुढे, उरलेले पाच मागे. मागच्या पाचांत दोन सेंटर-बॅक, दोन मिडफिल्डर आणि पलीकडचा फुलबॅक. हा फुलबॅक बगलेला न थांबता आत सरकून मिडफिल्डरच्या बाजूला उभा राहिला पाहिजे. चेंडू गेला तर पहिल्या पाच सेकंदांत जवळच्याने दबाव टाकायचा. एवढी शिस्त असली की पाच जण पुढे पाठवण्यात जुगार उरत नाही.

सराव असा घ्यावा. अर्धे मैदान, सहा आक्रमक, पाच बचावपटू आणि गोलरक्षक. चेंडू मधल्या खेळाडूकडून सुरू करायचा. तीन पासांच्या आत तो बगलेला गेला पाहिजे आणि आठ सेकंदांत शेवट झाला पाहिजे. कटबॅकवर एका स्पर्शात झालेल्या गोलला दोन गुण, बाकीच्यांना एक. सहा-सहा चालींचे चार संच, मधे दीड मिनिट विश्रांती, प्रत्येक संचाला बगल बदलायची. पहिला संच बचावपटूंशिवाय, दुसऱ्यात दोनच बचावपटू, पुढच्या दोन संचांत पाचही. थेट पाच बचावपटूंपासून सुरुवात केली तर धावा बसण्याआधीच खेळाडू वैतागतात आणि पुन्हा उंच क्रॉसवर जातात.

यात चुका ठरलेल्या होतात. सर्वांत जास्त होणारी म्हणजे चारही जण गोलच्या तोंडाशी गोळा होतात. मग त्यांच्याबरोबर बचावपटूही तिथेच येतात आणि पेनल्टी स्पॉट मोकळा पडून राहतो, पण आपलाही तिथे कुणी नसतो. दुसरी म्हणजे धाव लवकर सुरू होते. खेळाडू आधीच पोहोचून उभा राहिला की त्याला पकडणे सोपे जाते. बगलेवरचा खेळाडू पास देण्यापूर्वी चेंडू शेवटचा पुढे ढकलतो आणि मान खाली घालतो, ती धावेची खूण. धाव बचावपटूच्या पाठीमागून निघावी, त्याच्या नजरेसमोरून नाही. तिसरी चूक फटक्याची. चेंडू वर उडतो तो ताकद कमी-जास्त झाल्याने नव्हे, शरीर मागे झुकल्याने. टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी, गुडघा चेंडूच्या वर आणि पायाच्या आतल्या बाजूने दिशा. अकरा मीटरवरून ताकद लागत नाही. आणि हा सराव ताज्या पायांवर कधीच संपवू नये. शेवटची पंधरा मिनिटे तीस मीटरच्या धावेनंतर लगेच फटका, असा घ्यावा, कारण सामन्यात संधी दमलेल्या पायांवरच येते.

मधून खेळतानाही आपण अडतो. स्ट्रायकरने गोलकडे पाठ करून चेंडू घ्यावा, एका स्पर्शात मिडफिल्डरला परत द्यावा आणि त्याने तो बचावाच्या मागे धावणाऱ्या विंगरला द्यावा, ही तिघांची चाल. ती मोडते कारण स्ट्रायकर आणि मधली फळी यांच्यात पंधरा मीटरहून जास्त अंतर पडते. मग तो एकटा दोघांशी झुंजतो, चेंडू गमावतो आणि दुसऱ्या दिवशी दोषही त्याच्याच माथी.

स्ट्रायकरचा प्रश्न नाही असे आमचे म्हणणे नाही. २०२४-२५च्या आयएसएल हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अजाराईने २३ गोल केले, तर भारतीयांत सर्वाधिक १४ गोल छेत्रीचे, वयाच्या चाळिशीत. क्लब नऊ नंबरची जागा परदेशी खेळाडूला देतात आणि आपली मुले बगलेला जातात. हे वयोगटांपासूनच होते. गोव्यातल्या चौदा वर्षांखालच्या संघांतही चपळ मुलाला लगेच विंगर करतात. ज्या मुलाला गोलची जागा कळते, त्याला निदान सोळाव्या वर्षापर्यंत मधेच खेळवावे, ही आमची सर्व अकादमींना आणि शाळांना कळकळीची विनंती.

२५ ऑक्टोबर २०२५पासून क्लबांचा सुपर कप गोव्यातच, फातोर्डा आणि बांबोळीला झाला. अनेक क्लबांचा त्या हंगामातला तो खऱ्या अर्थाने पहिला कस होता. आपल्या प्रतिनिधींनी अशा स्पर्धांत सामन्याच्या वृत्तांतासोबत तीन आकडे छापावेत : बॉक्समधून मारलेले फटके, बाहेरून मारलेले फटके, आणि बगलेवरून चेंडू आला तेव्हा बॉक्समध्ये सरासरी किती खेळाडू होते. प्रेसबॉक्समध्ये एक वही आणि एक सहकारी एवढ्यावर हे जमते. शेवटचा आकडा दोनच्या आसपास राहिला, तर गोल न झाल्याबद्दल स्ट्रायकरला नव्हे, त्या संघाच्या प्रशिक्षकाला प्रश्न विचारावा.

आपले नम्र,
शालेय व क्लब संघांचे काही फुटबॉल प्रशिक्षक,
मडगाव