दिल्याला, उशिरा

नागपूर, रविवार

प्रिय दिल्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या दे, पण पत्र संपल्यावर. तब्येत ठीक. म्हणजे परवा रिपोर्ट आला, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.९. आपणही बाबांच्याच लाइनीत.

लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेशी काढून दाखवली. स्नायूच्या पेशीत साखर घ्यायची दारं असतात म्हणे, ग्लुट-४ नावाची, पण ती आत दडून बसतात. इन्सुलिनने हाक मारली की भिंतीवर येतात. माझी ऐकूनच नाही राहिली बे! पायी चाललं तर हाकेशिवायही वर येतात, म्हणून रोज फुटाळा तलावाला फेरी. तर्री पोहे बंद. हसू नको.

पुढे त्या म्हणाल्या, अख्ख्या रक्तात मिळून साखर ४-५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! मेंदू तिच्यावर चालतो. कमी पडली की यकृत आपल्या कोठारातून सोडतं, तिथे शंभरेक ग्रॅम असते. स्नायूंत त्याच्या चौपट, पण ते लेकाचे रक्ताला एक दाणा परत देत नाहीत. आणि इन्सुलिन जास्त झालं तर यकृतही कोठाराला कडी लावतं.

तिथेच माझं लक्ष उडालं. महाल भागातल्या घरातली ती रात्र आठवली. बाबा इन्सुलिन टोचून न जेवता बसलेले, बनियन घामाने चिंब, बोटं थरथरत होती, आणि संत्रा बर्फी मागत होते. मी डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. शुगरवाल्याला बर्फी काहून पाहिजे? तू मला ढकललंस आणि साखरेचं पाणी त्यांच्या तोंडाला लावलंस. मी तुला घराबाहेर काढलं. वर तीन वर्षं गावभर सांगत फिरलो, दिल्याने माझ्या बापाला जहर पाजलं.

बायोकेमिस्ट्रीत दोनदा गचकलेल्या माणसाचं काय ऐकायचं, हा माझा बचाव. तेवढाच आहे.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. तू गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बाबा नीट बोलायला लागले. पहिलं विचारलं, दिलीप जेवला का? मी हो म्हटलं.

पुण्याचा फ्लॅट ताब्यात आला का? वहिनींचा गुडघा? पोरगी बारावीला ना यंदा? सगळं सविस्तर लिही.

तुझाच,
बंड्या

ता. क. माझ्या गोळीनेही साखर एकदम उतरू शकते म्हणे. खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगितली आहे. ठेवतो.