बाबा फेरीला गेले नाहीत

बर्मिंगहॅम, 16 नोव्हेंबर

ती. दादास साष्टांग नमस्कार,

परवा अनगोळच्या काकूंचा फोन आला. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, यंदा तिला बाबा गेले नाहीत. अंगात ताप असतानाही दंडाला काळी फीत बांधून निघणारा माणूस तो! वय झालं, असं तू म्हणशील. मला तसं वाटत नाही. हरिपाठालाही बसत नाहीत म्हणे. माळ तेवढी गळ्यात आहे.

तुला एक सांगायचं राहिलंय. आषाढात आई गेली, मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत कामावर आले आणि एका रात्रपाळीत एका म्हातारीचे केस विंचरता विंचरता मला रडू आवरेना. वॉर्डच्या सिस्टरनं चॅपलनबाईकडे पाठवलं, म्हणजे इस्पितळात दुःखी माणसाजवळ बसून ऐकून घेणाऱ्या धर्मसेविकेकडे. इथल्या सरकारी इस्पितळांत हे लोक पगारी असतात, पेशंटसारखेच स्टाफसाठीही, मग धर्म कुठला का असेना. मी ख्रिस्ती नाही, असं मी दारातच बजावलं. ती म्हणाली, "बरं. तुमच्या घरी संध्याकाळी काय म्हणतात?" मी हरिपाठ म्हटला. तिला अक्षर कळलं नसेल, पण शेवटपर्यंत बाई हलली नाही. मग आईचा शेवटचा फोन मी ड्यूटी म्हणून कापला होता, ते बाहेर पडलं. त्यावर ती 'देवाची मर्जी' म्हणाली नाही. आपल्याकडे तेराव्यापर्यंत जो तो तेच म्हणून चहा पिऊन जातो.

सहा वेळा गेले. हे शिकून करायचं काम आहे. 1925 साली अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसेन नावाच्या पाद्र्यानं धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून त्या शिक्षणाची सुरुवात केली. तो स्वतः आधी मनोरुग्णालयात राहून आलेला. हे मला फार पटलं.

बाबांसाठी तसं माणूस बेळगावात कुठून आणायचं? मला आपल्या देवळातले विणेकरी आठवतात. त्यांचा तरणा मुलगा गेला, तरी वारी चुकली नाही. त्यांना म्हणावं, नुसते येऊन बसा, उपदेश नको. अंगारे-धुपारे देणाऱ्या बुवाला मात्र उंबऱ्यावरूनच परत पाठव.

पण जेवण-झोप गेली असेल तर विणेकरी पुरे पडायचे नाहीत. समुपदेशक बघताना तीन गोष्टी विचार : कुठं शिकलात, बोललेलं खोलीबाहेर जातं का, औषधाची गरज दिसली तर डॉक्टरकडे पाठवता का. तिसऱ्याला अडखळला तर ऊठ तिथून. आणि मराठी बोलणाराच हवा. बाबांचं कानडी बाजारापुरतं, त्यात भाजीचा भाव होतो, आईबद्दल बोलणं व्हायचं नाही. तोवर टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा फोन नंबर 14416 लिहून ठेव. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

हे त्यांना फोनवर सांगू नकोस, 'मी काय वेडा झालोय?' म्हणतील. शनिवारी कोल्हापुरातून सकाळची एसटी धर, वहिनीला घेऊन ये. आधी दोन दिवस घरात नुसता राहा. आईची साडी अजून दांडीवरच आहे, असं काकू म्हणाल्या. ती काढू नकोस हं, त्यांनाच काढू दे.

तुझी,
माई

ता. क. : वहिनीच्या हातची भाकरी बाबा खातात. पीठ तिकडून आणू नका, घरात आहे.