दिल्या, मी वाइन प्यायलो

दिंडोरी,
रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. पहिल्या वेळी फवारणीत होतो. दुसऱ्या वेळी पहिला उचलला नाही याची लाज वाटली. गुडघा आहे तसाच, शुगर गोळीवर आहे, आईला ऐकू कमी येतं पण जे ऐकू जायला नको ते बरोबर जातं. तब्येतीचं झालं.

लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. काल मी वाइन प्यायलो. पाच ग्लास. म्हणजे पाच घोट म्हण. आणि त्यातली एक मला आवडली. हे घरात कुणाला सांगायची सोय नाही, गावात तर नाहीच नाही.

पोरानं, अनिकेतनं नेलं. गंगापूर धरणाच्या अंगाला, रीतसर तिकीट काढून. (ही आपल्याशी करार केलेली ती कंपनी नव्हे. तिचं नाव तोंडावर आणायचं नाही असं आपलं ठरलंय, ते मी अजून पाळतो.) पार्किंगमध्ये सगळ्या मुंबई-ठाण्याच्या गाड्या. एका मोठ्या टपात पोरीबाळी पायजमे गुडघ्यापर्यंत गुंडाळून द्राक्षं तुडवत होत्या, नवरे फोटो काढत होते. मला २०१० आठवलं. आपला वाइनच्या द्राक्षांचा माल बांधावर ओतला होता आणि तुझ्या जर्शी गाईनं दोन घड खाऊन तोंड फिरवलं होतं. तेव्हा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

आत गेल्यावर एक मुलगी, आपल्या श्रेयाएवढी, काका काका करत सांगायला लागली. ग्लास दांडीला धरायचा, हाताची ऊब लागता कामा नये. मी आपला बशी धरल्यासारखा खालून धरला होता. मग फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. सोव्हिन्यॉन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, ओतून म्हणाली, पेरू येतोय का, ढोबळी मिरची येतेय का? सगळी माना डोलावत होती. मला पेरूबिरू काही आला नाही. मला ऑक्टोबर छाटणीच्या काडीचा वास आला. सकाळी कात्री लावली की ओल्या काडीचा हिरवा वास हाताला येतो ना, अगदी तोच. मी बोललो नाही. त्या मंडळींनी काडी कधी कापलीय?

मग टाक्या दाखवायला नेलं. तिथं ती म्हणाली, लाल वाइनचा रंग सालीचा असतो, रस पांढराच, म्हणून सालीसकट आंबवतात. दिल्या! आठवतं? शिराझचा पहिला घड आला, मणी दाबला, रस पांढरा निघाला, आणि तू म्हणालास नर्सरीवाल्यानं फसवलं. सीडी हंड्रेडवर डबलसीट पिंपळगावपर्यंत गेलो भांडायला. त्या माणसानं आपल्याला चहा पाजून परत पाठवलं, पण का ते सांगितलं नाही. हसत असणार अजून.

चार वर्षं पिकवली आपण. रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघितलं, रात्री दोनला ट्रॅक्टर घेऊन वजनकाट्याच्या रांगेत झोपलो. आणि तिचं पुढं काय होतं ते कधी चाखलं नाही. एकदाही नाही. काल शेवटचा ग्लास शिराझचा होता. मुलगी म्हणाली मिरी येईल. आली. खरंच मिरी आली, आणि तिच्यामागून काहीतरी कोरडं, तुरट, उन्हाळ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोलीत येतं तसं. मी दुसरा घोट मागितला. तिनं दिला.

आता खरी अडचण ऐक. अनिकेतला बागेत चार खोल्या बांधायच्यात. वाइन टुरिझम म्हणतो. दोन एकर खायची थॉमसन द्राक्षं काढायची, तिथं वाइनची जात लावून वायनरीशी करार करायचा. समृद्धी महामार्ग मुंबईकडं पुरता सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. लोकांना शनिवार-रविवार शेतावर राहायला बोलवायचं, जानेवारी ते मार्च तोडणी दाखवायची, आणि जेवणात त्यांचं चीजबिझ नको, आपलं. चुलीवरची शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, वर थंडगार चेनिन ब्लाँ. त्या मुलीनंच सांगितलं की किंचित गोड चेनिन तिखटावर चालते. तेव्हापासून तो ठेच्यावरून खाली उतरायला तयार नाही. वाइन दुसऱ्याची, परवाना बघू, म्हणतो. हे 'बघू' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हुबेहूब तुझा आवाज येतो त्याला.

तूच म्हणाला होतास ना? सरकारचं २००१ चं धोरण आलंय, अबकारी माफ, विंचूरला वाइन पार्क होतोय, सुलाची बाटली २००० सालीच बाजारात आली आणि आपण अजून थॉमसनचे घड औषधात बुडवायच्या डिपिंगमध्ये हात घालून बसलोय. वाइनच्या द्राक्षाला डिपिंग नाही, विरळणी नाही, व्यापाऱ्याच्या पाया पडणं नाही. भाळलो. तू म्हणशील, 'शिराझ तुझी निवड, मी सोव्हिन्यॉन म्हणत होतो.' मान्य. सोव्हिन्यॉन असती तरी २६/११ नंतर हॉटेलं ओस पडायची ती पडलीच असती, मंदी यायची ती आलीच असती, आणि करार घेऊन फिरणारा तो माणूस फोन बंद करून बसलाच असता.

आणि हो, जेसीबीचं मी अजून विसरलेलो नाही. न विचारता तुझा एकर मुळासकट उपटलास. मी वेल आडव्या ओलांड्याखाली कापून त्याच डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनचं कलम केलं. लोक म्हणाले तू शहाणा, मी येडा. आज तोडतोय ती थॉमसन त्याच मुळांवर उभी आहे, एवढंच सांगतो.

अनिकेतला नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो. सगळी कारणं तयार होती: अवकाळी, डाऊनीचा रोग, करार, बँक, आई. आणि तो दुसरा घोट मी त्याच्यासमोर मागितला. गाडीत काही बोलला नाही कार्टा, नुसता हसत होता.

आईचं तुला सांगायला नको. माळ घातलेली बाई, चार वर्षं त्या बागेत पाऊल टाकलं नाही. 'दारूची बाग' म्हणायची. आता तिथं खोल्या आणि पाहुणे. रात्री विचारलं, काय होतं रे तिथं? मी म्हटलं, आंबट. ती म्हणाली, मग एवढे लोक कशाला जातात? मी जेवायला बसलो.

एक गंमत राहिली. तिथं भिंतीवर बोर्डोचा नकाशा होता, फ्रान्सचा. मी विचारलं, आम्ही पंपात मारतो ते बोर्डो? त्या मुलीला माहीत नव्हतं. अनिकेतनं मोबाइलवर शोधलं. १८८० च्या सुमारास तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. डाऊनी आली तेव्हा नेमक्या त्याच वेली तगल्या, तिथल्या एका प्राध्यापकाच्या ते ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते छापलं. म्हणजे आपण रस्त्याच्या कडेला 'विषारी औषध मारले आहे' अशी पाटी लावायचो, तेच. फक्त आपल्या पाटीखालची द्राक्षं शाळेची पोरं तरी खायची.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? श्रेयाला फ्लॅटचा ताबा मिळाला का? तुझं पाठीचं काय ते कळव, दोन ओळीत चालेल.

आणि कामाचं. खोल्यांकडं जायला रस्ता तुझ्या एकरातूनच काढावा लागतो, बांधावरून गाडी जात नाही. अनिकेत तुला फोन करणार आहे संमतीसाठी. गोड बोलेल, तू विरघळशील, तुझं मला माहीत आहे. त्याला हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. दोन आठवडे फोन उचलू नकोस, कसा उचलायचा नाही ते मी तुला दिवाळीत दाखवलंच आहे. तेवढ्यात माझं काय ते ठरेल.

एक शिराझची बाटली आणलीय. औषधाच्या खोलीत, मोरचुदाच्या गोणीमागं आहे. आई तिथं जात नाही.

तुझा,
बाळ्या